बीबीए-एमबीए एकत्र : वर्ष खरंच वाचतं का?

प्रश्न : मुलगी सांगलीत बारावी कॉमर्सला आहे. एका संस्थेने पाच वर्षांच्या एकत्रित बीबीए-एमबीएला जागा देऊ केली आहे. वर्ष वाचेल म्हणतात. आमचा प्रवर्ग ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. घ्यावी का?
– एक पालक, तासगाव

उत्तर : आधी बेरीज करा. बीबीए ३ वर्षं, एमबीए २ वर्षं. वेगवेगळं केलं तरी पाचच. वर्ष वाचत नाही, वाचते ती मधली प्रवेशपरीक्षा. तिच्यासाठी किती पैसे मोजायचे, एवढाच प्रश्न उरतो.

तुमच्या बाबतीत ते पैसे फार होऊ शकतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट ८ लाखांच्या उत्पन्नाची. पण प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला किंवा खासगी आणि अभिमत विद्यापीठांना ही माफी लागू नाही. परस्पर ‘देऊ केलेली’ जागा बहुधा यातलीच असते. म्हणून पैसे भरण्याआधी एकच विचारा : हा प्रवेश कॅपचा आहे का? राज्याच्या बीबीए-बीएमएस सीईटीत एकत्रित एमबीएही येतो. मुलीला ती परीक्षा द्यायला लावाच.

मार्कांपेक्षा कागदांमुळे जागा जाते, तेव्हा तयारी आत्ताच हवी. जात पडताळणीचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करा. निकालानंतर धावपळ केली तर वैधता प्रमाणपत्र वेळेत हाती पडत नाही. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. मुदत संपलेलं घेऊन गेलात की प्रवर्गाची जागा हातची जाते.

दुसरी चौकशी तिसऱ्या वर्षाची. मुलीला मध्येच बाहेर पडावंसं वाटलं तर हातात काय पडणार? आयआयएम इंदूरने २०११ मध्ये बारावीनंतरचा असा पाच वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. तिथे तीन वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला पदवी मिळते. तुमच्या संस्थेकडून पदवीचं नेमकं नाव, ती देणारं विद्यापीठ आणि चौथ्या वर्षात जाण्यासाठी लागणारी श्रेणी हे सगळं लेखी घ्या. तोंडी उत्तरावर फी भरू नका. विषय राहिला तर चौथं वर्ष अडतं का, हेही त्याच कागदावर असू द्या.

आमचं मत स्पष्ट आहे : कॅपबाहेरची जागा असेल तर ती सोडा, बीबीए करा आणि तिसऱ्या वर्षी एमबीए सीईटी द्या. निकाल लागायच्या आधीही ती देता येते. २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पदवीला खुल्या प्रवर्गात किमान ५० टक्के, राखीव प्रवर्गात ४५ टक्के लागतात.

प्रश्न : यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे. मग बीबीएच्या दुसऱ्या वर्षातच ऑनलाइन एमबीए सुरू करू का?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : नाही. २०२२ ची ती परवानगी खरी आहे, पण प्रत्येक अभ्यासक्रमाची स्वतःची पात्रता पूर्ण करावीच लागते आणि एमबीएची पात्रता म्हणजे पदवी. दुसऱ्या वर्षात ‘एमबीए’ देऊ म्हणणारा बहुधा प्रमाणपत्र अभ्यासक्रम विकत असतो. त्या परवानगीचा उपयोग बीबीएसोबत अर्थशास्त्राची दूरस्थ पदवी अशासाठी करता येईल.

प्रश्न : चार वर्षांचं ऑनर्स केलं तर एमबीए एका वर्षात होतं का?
– एक वाचक, वाई

उत्तर : चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाच्या पदव्युत्तर पदवीची वाट यूजीसीने २०२४ मध्ये मोकळी केली. पण सीईटीमार्गे मिळणारा एमबीए दोन वर्षांचाच आहे. म्हणजे ऑनर्स धरून सहा वर्षं. अमेरिकेत चार अधिक एक अशी सोय असते, कारण तिथे पदवीच्या काळात पदव्युत्तरचे काही विषय घेऊ देतात आणि त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) दोन्हीकडे धरतात. परदेशी जायचा विचार असेल तर चौथं वर्ष कामाचं आहे, कारण तिथली बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. इथेच एमबीए करायचं असेल तर तीन वर्षांनी पदवी घ्या आणि सीईटीला बसा.