एस. सोमनाथ यांच्या कारकिर्दीतलं एकच काहीतरी निवडून सत्कार करायचा झाला तर कशासाठी कराल?

प्रश्न वाचून आधी चांद्रयान-३ च डोक्यात आलं. इस्रोचे अध्यक्ष म्हणून सोमनाथ जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाले, १९८५ साली तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रात लागले होते, म्हणजे सरकारी नोकरीत जवळपास चाळीस वर्षं काढली माणसाने. पण मला विचाराल तर मी शाल-श्रीफळ यान उतरलं त्या दिवसासाठी देणार नाही, त्याच्या महिना-दीड महिना आधी ते जे बोलले त्यासाठी देईन.

मी एका कारखान्यात क्वालिटीला आहे म्हणून असेल कदाचित. आमच्याकडे लॉट रिजेक्ट झाला की मीटिंगचा पहिला अर्धा तास कोणाच्या शिफ्टला झालं यातच जातो, का झालं ते चहा आल्यावर. आणि इथे जुलै २०२३ मध्ये, यान अजून उडालेलंही नाही, तेव्हा संस्थेचा प्रमुख पत्रकारांना सांगतोय की २०१९ ला चांद्रयान-२ चा विक्रम लँडर, म्हणजे चंद्रावर उतरणारा भाग, का आपटला. पाचही इंजिनांनी धरलं होतं त्यापेक्षा जरा जास्तच जोर लावला, त्याच वेळी फोटो घ्यायला यान स्थिर ठेवायचं होतं म्हणून चुका साचत गेल्या, मग त्या एकदम निस्तरायला गेलं तर यानाने किती झपाट्याने वळायचं यावर मर्यादा घातलेली, आणि उतरायची जागा फक्त ५०० मीटर बाय ५०० मीटर, म्हणजे तिथे पोचायच्या नादात वेग आणखी वाढला. एवढं सगळं सांगितलं आणि बोट कोणाकडेच दाखवलं नाही.

मग म्हणाले की चांद्रयान-२ सगळं नीट चालेल असं धरून बनवलं होतं, ३ मात्र काय काय बिघडू शकतं ते धरून बनवलंय. सेन्सर गेला तर? इंजिन गेलं तर? हिशोब चुकला तर? म्हणून जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं, इंधन वाढवलं, सेकंदाला ३ मीटर वेगाने टेकलं तरी निभावेल असे पाय दिले, आणि कसंही तोंड करून उतरलं तरी वीज मिळावी म्हणून जास्त बाजूंना सोलर पॅनल लावले. आमच्या लाईनवर या विचाराचा दहावा हिस्सा जरी आला ना तरी माझे निम्मे रविवार वाचतील.

आता हे सगळं त्यांनी एकट्याने केलं असं म्हणणं खोटं होईल. ते जानेवारी २०२२ ला अध्यक्ष झाले, चांद्रयान-२ ची चिरफाड आधीचे अध्यक्ष के. सिवन यांच्या काळातच सुरू झाली होती. २३ ऑगस्ट २०२३ चा, यान उतरलं तेव्हाचा व्हिडिओ परत बघा, "इंडिया इज ऑन द मून" म्हणून झाल्यावर थोड्या वेळाने माईक प्रोजेक्टच्या लोकांकडे जातो, वीरमुथुवेल बोलतात, कल्पना बोलतात. आमच्याकडे असा माईक साहेबांच्या हातून सुटत नाही.

आणि स्वतःच्या काळातल्या फजितीलाही त्यांनी हेच माप लावलं. ऑगस्ट २०२२ ला एसएसएलव्हीचं, म्हणजे छोटे उपग्रह नेणाऱ्या रॉकेटचं, पहिलंच उड्डाण फसलं, उपग्रह गोल कक्षेऐवजी लंबगोल कक्षेत गेले, पृथ्वीच्या जवळचं टोक जेमतेम ७६ किलोमीटरवर, तिथे काय टिकणार. त्याच दिवशी स्वतः व्हिडिओवर येऊन सांगितलं की उपग्रह आता वापरता येणार नाहीत. पुढे कारण निघालं ते असं की दुसरा टप्पा सुटताना क्षणभर जोराचा हादरा बसला आणि कॉम्प्युटरला वाटलं सेन्सरच गेले. सहा महिन्यांत, फेब्रुवारी २०२३ ला दुसरं उड्डाण नीट झालं.

(मध्येच एक, मला फार आवडलेलं. साठीला आलेला, चंद्रावर यान उतरवून बसलेला हा माणूस जुलै २०२४ मध्ये आयआयटी मद्रासच्या पदवीदानाला जाऊन पीएचडी घेऊन आला. पदावर असताना. आता कोण काय म्हणणार होतं नसती घेतली तर?)

बरं, जाता जाता स्पेडेक्सचं सांगतो. ३० डिसेंबर २०२४ ला दोन उपग्रह वर गेले, एकाने दुसऱ्याला अवकाशात जाऊन जोडायचं होतं. तारीख ७ जानेवारी होती, ती ९ झाली, मग तीही पुढे गेली. १२ तारखेला दोघांना आधी १५ मीटरवर आणि मग ३ मीटरवर आणलं आणि तिथून परत मागे घेतलं. सोमनाथांच्या हातात तेव्हा दोन-तीन दिवस उरले होते, निरोपाला केवढी मोठी बातमी झाली असती, पण नाही, म्हणे आधी डेटा बघू. डॉकिंग, म्हणजे ही जोडणी, झालं १६ जानेवारीला, तोवर खुर्चीत व्ही. नारायणन बसले होते.