कीबोर्ड नुकताच शिकतोय, स्वतःची चाल कशी बांधायची?

तुम्ही धुळ्याचे, घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, सोपी गाणी दोन्ही हातांनी वाजतात, पण स्वतःचं काही सुचत नाही, असं लिहिलंय. सुचायची वाट बघत बसू नका. आधी शब्द घ्या, सूर मागून.

रोजच्या बोलण्यातलं वाक्य चालेल: ‘पाऊस पडी ऱ्हायना’ (अहिराणीत, पाऊस पडतोय). मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) ७० वर ठेवा आणि चार मात्रांत नुसतं बोला. ‘पा’ समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, ‘ऊस’ दुसरीवर, ‘प-डी’ तिसरीत अर्धा-अर्धा, ‘ऱ्हाय’ चौथीवर. ‘ना’ पुढच्या समेवर, चारही मात्रा लांबवून. चालीचं निम्मं काम इथेच होतं. आता पांढरी एकला सा धरून सूर लावा: ग, ग, रेग, प आणि शेवटी लांब रे. रेवर ओळ अधांतरी राहते, म्हणून दुसऱ्यांदा फक्त शेवट बदला: ग, ग, रेग, रे आणि शेवटी सा.

बहुतेकांची चाल बिघडते ती दर ओळीला नवं काहीतरी घुसवल्यामुळे. कानात काही बसतच नाही. खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी नीट ऐका: सूर थोडे, ओळ फिरून फिरून तीच.

डाव्या हाताचा नियम सोपा: समेवरचा सूर ज्या कॉर्डमध्ये (एकत्र दाबायच्या तीन सुरांत) आहे, ती कॉर्ड. ग असेल तर सी किंवा ए मायनर, रे असेल तर जी, म किंवा ध असेल तर एफ. चार मात्रांचं एक आवर्तन, ओळीची दोन; वरच्या चार आवर्तनांना सी, जी, ए मायनर, सी लावा. दरवेळी हात उचलून उड्या मारू नका. सी म्हणजे सा-ग-प (करंगळी, मधलं बोट, अंगठा). जीसाठी अंगठा पवरच ठेवून बाकीची दोन बोटं एकेक पांढरी पट्टी खाली न्या: नि-रे-प. ए मायनरला अंगठा धवर: सा-ग-ध. एफ म्हणजे सा-म-ध.

कॉर्डचा सा मधल्या साच्या एकच सप्तक खाली घ्या. त्याच्याही खाली तीन सूर एकत्र दाबले की नुसता गुरगुराट होतो. सस्टेन पेडल (सूर लांबवणारं पायाचं बटण) वापरत असाल तर कॉर्ड बदलताना सोडून पुन्हा दाबा, नाहीतर दोन कॉर्ड एकमेकांत कालवतात. तयार रिदम-स्टाइल सध्या बंदच बऱ्या, कारण मग चाल तुमची न राहता स्टाइलच्या मागे धावते.

पुढची चार आवर्तनं धपासून, एफ कॉर्डवर सुरू करा आणि शेवटी साला या. मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका. जी ओळ न वाजवता गुणगुणता येत नाही, ती बदला.