कुंद्याच्या दुकानाचं पान लिहिताना

बेळगावातल्या कुंद्याच्या, म्हणजे दूध आटवून केलेल्या मिठाईच्या, दुकानाचं वेबसाइटवरचं पान लिहायला घेतलंस, छान झालं. पण पहिल्याच ओळीत 'आपले सहर्ष स्वागत' नको गं. पुण्याहून गोव्याला निघालेला माणूस मोबाइलवर बघत असतो: कुंदा ताजा मिळेल का, किती दिवस टिकतो, किलोचा भाव काय, पार्सल पाठवता का? ही उत्तरं सगळ्यात वर दे. 'उत्कृष्ट दर्जा' तर सगळेच लिहितात. तू भट्टीपाशी उभी राहा, दूध किती वेळ आटवतात, साखर कधी घालतात, हे आचाऱ्यालाच विचार आणि जमेल तितकं त्याच्या शब्दांत उतरव. असं पान दुसऱ्या कुणाला लिहिताच येत नाही.

शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, तरी आपली माणसं बेळगावच शोधतात. दोन्ही नावं सहज येऊ देत. दर ओळीत मात्र कोंबू नकोस, गूगल त्याला स्पॅम मानतं. शीर्षक आटोपशीर ठेव, लांबलं की शोधात कापलं जातं. कन्नड पानही हवंच, आणि ते कन्नड मातृभाषा असलेल्या मैत्रिणीकडूनच लिहून घे. फोन नंबर फोटोत नको, मजकुरात लिंक करून दे, म्हणजे बोट लावताच कॉल लागेल.