सीडी ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवर नवीन सिस्टीम कशी टाकायची?

प्रश्न : माझा लॅपटॉप २०१२ चा आहे, विंडोज ७, रॅम ४ जीबी, सीडी ड्राइव्ह मुळातच नाही. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकायचं म्हणून फाईल डाऊनलोड करून पेनड्राइव्हमध्ये कॉपी केली, पण चालू केला की सरळ विंडोजच उघडतंय. दुकानदार म्हणतात बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या नाहीतर लॅपटॉप भंगारात द्या. मुलीचा अकरावीचा अभ्यास आणि माझी थोडी मराठी टायपिंगची कामं, एवढंच आहे हो. काय करू?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, भंगारात अजिबात देऊ नका आणि डीव्हीडी ड्राइव्हवर पण पैसे घालू नका. तुम्ही डाऊनलोड केली ती आयएसओ फाईल, म्हणजे अख्खी सिस्टीम एकाच फाईलमध्ये बांधलेली, ती नुसती कॉपी-पेस्ट केली की ती फोटो-गाण्यांसारखी पडून राहते, तिच्यावरून लॅपटॉप बूट (म्हणजे चालू) होत नाही, त्यासाठी रुफस नावाचा फुकट प्रोग्रॅम वापरून बूटेबल पेनड्राइव्ह बनवावा लागतो. यात एक गोम आहे बघा, रुफसचं ४.० पासून पुढचं कुठलंच व्हर्जन विंडोज ७ वर चालत नाही, तेव्हा जुनं ३.२२ घ्या. पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरे, त्यातलं सगळं उडणार हे धरून चाला. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम या खान्यात एमबीआर ठेवा, मध्येच विचारलं तर आयएसओ मोड निवडा.

मग लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि चालू करताच बूट मेनूचं (कशावरून चालू करायचं ती यादी दाखवणारं) बटण दाबत राहा, डेल-लेनोव्होला बहुतेक एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९. यादीत पेनड्राइव्ह दिसला की एंटर.

आता लगेच इन्स्टॉल करायची घाई करू नका, माझं कळकळीचं सांगणं आहे. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, हार्डडिस्कला हात पण लागत नाही, तेव्हा तासभर वापरून बघा, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, मुलीचे लेक्चरचे व्हिडिओ अडकत तर नाहीत ना. जुन्या मशीनमध्ये वायफाय कधी कधी सापडत नाही, मग मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाईलचं नेट लॅपटॉपला मिळेल, आणि मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडून वायफायचा ड्रायव्हर मिळतो का बघा, बऱ्याचदा तिथंच काम होतं. मिंटचे दोन-तीन प्रकार येतात, तुमच्या रॅमला एक्सएफसीई वालं हलकं पडेल.

टायपिंगचं मात्र आधी तपासा. श्रीलिपीसारख्या विंडोजच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर ते मिंटवर तसं चालायचं नाही, मग विंडोज ठेवून शेजारी मिंट टाका, इन्स्टॉलर तसा पर्याय देतो. युनिकोडमध्ये (व्हॉट्सअॅप, ईमेलमध्ये चालतं तसं मराठी) टाईप करत असाल तर काहीच अडचण नाही, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो आणि वर्डसारखं लिबरऑफिस आधीपासूनच असतं. विंडोज १० टाकू का असं कुणी सुचवेल, पण त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं जे २०१२ च्या लॅपटॉपात नसतं.

टाकायच्या आधी फोटो, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या, हे शेजारी टाकणार असाल तरी करा. आणि इतक्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी धरत नसणार, मध्येच लाईट गेली तर अर्धवट राहील, म्हणून इन्व्हर्टरच्या प्लगवर लावून करा. पैसे खर्च करायचेच असतील तर हार्डडिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान डिस्क) बसवून घ्या, मिंट टाकायच्या आधीच.