बदली म्हणून वाजवायला जाताना

प्रश्न : मी कराडजवळच्या गावात राहतो, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. तबल्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली आहे, ढोलकीही वाजवतो. यंदा गणपतीत एका ऑर्केस्ट्रातल्या ढोलकी-तबलावाल्या दादांचा हात फ्रॅक्चर झाला, म्हणून त्यांच्या जागी मी तीन कार्यक्रम केले. गाण्यांची लिस्ट आदल्या रात्री अकरा वाजता आली, त्यातली चार गाणी गाडीत बसल्यावर बदलली. एका गाण्याची पट्टी, म्हणजे गायकाचा मूळ सूर, स्टेजवर बदलली, मला कुणी सांगितलंच नाही. एक कट, म्हणजे सगळ्यांनी एकदम थांबायची जागा, चुकला तेव्हा कीबोर्डवाले आणि ऑक्टोपॅडवाले (इलेक्ट्रॉनिक तालवाद्यवाले) लोकांसमोर माझ्याकडे बघून हसले. निवेदकांनी सगळ्यांची नावं घेतली, माझं राहिलं. अडीच हजार ठरले होते, तिसऱ्या कार्यक्रमाच्या पाकिटात दीड हजार निघाले. विचारलं तर म्हणाले, ‘नवीन आहेस, शिकायला मिळतंय ना!’ आता नवरात्रासाठी त्यांचाच फोन आलाय. बाबा म्हणतात, हे सोड आणि बँकेच्या परीक्षेला बस. मी काय करू?

उत्तर :

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचताना मला माझीच एक संध्याकाळ आठवली. नाट्यपदांच्या कार्यक्रमात मी पेटीला बदली म्हणून बसलो होतो. गायकांनी पांढरी चार ही पट्टी सांगितली होती आणि पडदा उघडल्यावर आलाप लावला तो पांढरी पाचात. मी दोन ओळींत सावरलो, कारण पेटीवर बोटं सरकवता येतात. शेजारी बसलेल्या तबलावादकाला ती सोय नव्हती. सव्वापाच-साडेपाच इंची तोंडाचा तबला साधारण काळी एक या पट्टीच्या आसपास लागतो. हातोडीने तो थोडा वर-खाली होतो, पण पट्टी फार बदलली तर दुसरा तबलाच हवा. त्या गृहस्थांनी ‘ना’, ‘ता’ असे चाटीचे, म्हणजे तबल्याच्या कडेवरचे, खुले बोल जवळजवळ सोडून दिले, बंद बोलांवर आणि डग्ग्यावर अख्खं पद तोलून धरलं. कार्यक्रमानंतर ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, याची खंत मला अजून आहे.

म्हणून पहिल्यांदा हे सांगतो, की पट्टी बदलल्यामुळे तुझा तबला बेसूर लागला, तो दोष तुझा नाही. तालवाद्याला सूर नसतो असं समजणारे लोक वाद्यवृंदात आजही भेटतात. बदललेली पट्टी तबल्याला सांगणं हे गायकाचं आणि संयोजकाचं काम आहे.

कट चुकला त्याची गोष्ट वेगळी. रोज एकत्र वाजवणाऱ्यांचे कट, ब्रेक, अंतऱ्यानंतरचा थांबा हे सगळं नजरेवर चालतं. मूळ रेकॉर्डमध्ये नसलेला एखादा थांबा त्यांनी चार वर्षांपूर्वी घेतलेला असतो आणि तो कुठेच लिहिलेला नसतो. बदली माणूस तिथे अडखळणारच. पण हे माहीत असूनही तू विचारलं नसशील, तर तेवढा वाटा तुझा. पुढच्या वेळी लिस्ट आली की संयोजकांना एकच प्रश्न विचार : ‘रेकॉर्डपेक्षा तुम्ही वेगळं कुठे वाजवता?’ आणि त्यांच्या मागच्या कार्यक्रमाचं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग मागून घे. साध्या फोनवरचं असलं तरी चालेल, ढोलकी कुठे थांबते एवढं कळलं की पुरे.

हसले, ते मात्र चूकच. त्याला दुसरं नाव नाही. प्रेक्षकाला कट चुकल्याचं बहुतेक वेळा कळतही नाही, स्टेजवरचा माणूस वळून हसला की कळतं. त्यांनी तुझ्याबरोबर स्वतःचाही कार्यक्रम खाली आणला.

यात आणखी एक धागा असू शकतो, तो तुझ्या पत्रात नाही. ज्यांचा हात मोडला ते दादा या लोकांचे जुने सोबती असणार. ऐन गणपतीत, कमाईच्या दहा दिवसांत ते घरी बसले आणि त्यांच्या जागेवर एक नवा मुलगा आला. काहींच्या मनात, हा आता जागा धरतोय की काय, अशी धास्ती असते आणि ती अशी वाकडी बाहेर पडते. त्याने त्यांचं वागणं माफ होत नाही. पण तू त्या दादांना फोन केलास का? नसेल तर आजच कर. ‘दादा, हात कसा आहे? तुम्ही बरे झालात की जागा तुमचीच आहे. तोवर तुमच्या खुणा मला सांगाल का?’ एवढं बोललास तर कटांची अर्धी माहिती तिथूनच मिळेल आणि बाकीच्यांच्या कानावर योग्य गोष्ट आपोआप जाईल. बदली वादकाने मूळ वादकाची जागा राखायची असते. आयोजक तुला परस्पर विचारू लागले तरी ‘आधी दादांना विचारा’ म्हणायचं. या क्षेत्रात माणसं एकमेकांना फोन करून विचारतात, ‘मुलगा कसा आहे?’, आणि तेव्हा हात किती तयार आहे याच्या बरोबरीने हेही सांगितलं जातं.

आता नवरात्राच्या फोनबद्दल. ‘हो’ म्हणण्याआधी ठरवून घे, नंतर नाही. संयोजक किंवा मॅनेजर यांच्यापैकी एकालाच धर, पाच जणांशी पाच गोष्टी बोलू नकोस. फोनवर बोलणं झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर साधा निरोप टाक : तारीख, गाव, निघायची वेळ, जाण्या-येण्याची सोय, मानधन किती आणि कधी, लिस्ट पट्ट्यांसकट किती दिवस आधी मिळणार, सिटिंग, म्हणजे एकत्र तालीम, होणार की नाही. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी ठरलेला व्यवहारही करारच असतो. अर्थात हजार रुपयांसाठी कुणी कोर्टाची पायरी चढत नाही. लिहून ठेवायचं ते पाकीट हातात घेताना शब्द फिरू नयेत म्हणून. लिस्ट किमान तीन दिवस आधी माग. सिटिंग जमत नसेल तर निदान साउंड चेकच्या आधी अर्धा तास अवघड गाण्यांचे इंट्रो आणि कट वाजवून घेऊ, असं स्पष्ट म्हण. मोकळ्या मैदानावर एरवी दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत सणांच्या मोजक्या दिवशी बारापर्यंतची सवलत देता येते, पण सगळेच दिवस तसे नसतात. कार्यक्रम उशिरा सुरू झाला की पहिला बळी साउंड चेकचा जातो, आणि त्यातही मॉनिटर (स्टेजवर स्वतःचं वाजवणं ऐकू येण्याचा स्पीकर) लागत नाही तो बदली माणसाला. तेव्हा साउंडवाल्या दादांशी तू स्वतः आधी जाऊन ओळख करून घे. दुसऱ्या पट्टीचा एक तबला बरोबर ठेव, कुणाकडून मागून आणावा लागला तरी. पावसाळी हवेत पुडी (तबल्याचं कातडं) सैल पडून सूर उतरतो, तेव्हाही तो उपयोगी पडेल.

स्टेजवर कुणी डिवचलं तर तिथे उत्तर देऊ नकोस, चेहऱ्यानेसुद्धा नाही. ठेका धरून ठेव, गायकाकडे बघ. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, एकट्यात आणि स्वतःच्या चुकीपासून सुरू करून : ‘दादा, दोन ठिकाणी मी चुकलो, ते मी बसवून घेतो. पण पट्टी बदलली ते मला कळलं नाही आणि तुम्ही लोकांसमोर हसलात याचं वाईट वाटलं. पुढच्या वेळी मला एक खूण करा.’ बहुतेक माणसं यावर ओशाळतात. जो ओशाळत नाही, त्याच्याबरोबर पुन्हा वाजवायचं नाही, एवढं तुला समजलं. निवेदकांना तुझं नाव चिठ्ठीवर लिहून आधीच दे. ते तीनच कार्यक्रमांपुरता आलेल्या मुलाचं नाव विसरतात, त्यात दरवेळी आकस नसतो.

आणि ते हजार रुपये. नवरात्राची तारीख देण्याआधी माग. ‘मागचे हजार राहिलेत, ते आले की तारीख पक्की करतो,’ एवढंच म्हण, आवाज न चढवता. ‘शिकायला मिळतंय’ हे कारण मला अजिबात मान्य नाही. शिकायला तू गुरूंकडे जातोस आणि तिथे फी देतोस. इथे तू त्यांचा कार्यक्रम रद्द होण्यापासून वाचवलास. पैसे दिले नाहीत तर जाऊ नकोस, नवरात्र असलं तरी.

बाबांचं म्हणणं झटकून टाकू नकोस. हे काम हंगामी आहे : गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, पुढे जत्रा आणि लग्नसराई, मग आषाढात हात रिकामे. त्यामुळे बीकॉम चांगल्या गुणांनी पूर्ण कर आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यासही सुरू ठेव. पण तबला सोडायचं कारण मला दिसत नाही. गांधर्व महाविद्यालयाच्या विशारद परीक्षेचा फॉर्म भर, त्यानंतर आकाशवाणीच्या ऑडिशनची तयारी कर. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीत विभाग आहे, पदवीनंतर तिथे काय करता येईल याची एकदा जाऊन चौकशी कर, आणि जाताना बाबांना बरोबर घेऊन जा. आजवर त्यांनी तुला किती वेळा स्टेजवर पाहिलंय, ते तू लिहिलेलं नाहीस.

आधी त्या दादांना फोन कर. ते काय म्हणाले, ते मला कळव.