‘बाण आपल्या आपच सुटते, मॅडम’ : निशाण्याची धास्ती आणि अपुरी राहणारी ओढ

अमरावती जिल्ह्यातील काही शाळांमध्ये बांबूच्या धनुष्यावर मुलामुलींचा सराव नियमित चालतो, आणि त्या मुलांच्या पालकांकडून व क्रीडाशिक्षकांकडून एक चिंता माझ्याकडे वारंवार येते. वर्ष-दोन वर्षे मूल उत्तम बाण मारते, तालुक्याला, जिल्ह्याला क्रमांक मिळवते, आणि मग एकाएकी निशाण्यासमोर उभे राहिले की दोरी पुरती ओढलीच जात नाही. हात हनुवटीपर्यंत पोहोचण्याआधीच बाण सुटतो, किंवा बाणाचे टोक मध्याकडे नेता नेता हात खालीच अडकतो आणि काही केल्या वर सरकत नाही. घरचे म्हणतात पोर घाबरली, शिक्षक म्हणतात लक्ष उडाले, आणि पोर स्वतः म्हणते की आपल्याला काही येतच नाही. ही तिन्ही निदाने चुकीची आहेत आणि त्यांच्यामुळे मूळ त्रास वाढतो, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे एका मुलीच्या हकिगतीतून मांडते. तिची ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा आणि घरचे काही तपशील सांगत नाही.

मुलगी अकरावीतली, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातली. घरी कापूस आणि तुरीची कोरडवाहू शेती. तिला घेऊन वडील आले तेव्हा त्यांनी पहिलेच वाक्य उच्चारले ते असे : “मॅडम, पोरीच्या हाताले काय झालं समजत नाही. बाण आपल्या आपच सुटते.” आईने मीठ-मोहरी उतरवून टाकली होती. गावातल्या जाणत्यांनी अर्जुनाची गोष्ट ऐकवून ‘फक्त डोळा बघ’ असे बजावले होते. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी एशियाडमध्ये त्याने तीन सुवर्णपदके मिळवली, तेव्हापासून वडिलांनी वर्तमानपत्रातले त्याचे छायाचित्र कापून घरात लावले होते. त्या छायाचित्रामागचे प्रेम मला समजते. पण ओजसच्या कंपाउंड धनुष्याची चाके पूर्ण ओढीवर बराचसा भार आपल्याकडे घेतात आणि दोरी यंत्राच्या कळीने सुटते. बांबूच्या धनुष्यात पूर्ण ओढीचा सगळा भार शेवटपर्यंत बोटांवर आणि पाठीवर राहतो. या दोन मुलांची तुलना करणे मुलीवर अन्याय करणारे होते, आणि ते मी वडिलांना पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगितले.

मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा घटनांचा क्रम उलगडला. जिल्हा स्पर्धेनंतर निवड चाचणी जवळ आली म्हणून तिच्या हाती एकदम जड, छत्तीस पाउंडांचे, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढी ताकद लागणारे, धनुष्य आले. पहिले आठवडे ती ते कसेबसे ओढत होती. हात थरथरण्याआधी बाण सोडून मोकळे व्हावे, ही सवय तिला त्याच दिवसांत लागली. चाचणीत एक बाण हनुवटीला हात लागण्याआधीच सुटला आणि जमिनीत रुतला. बघणारे हसले. त्या दिवसानंतर प्रत्येक बाणाला ‘आता पुन्हा तसेच होईल’ ही भीती आधी येऊ लागली आणि ओढ दिवसेंदिवस आखडत गेली. ती मला म्हणाली, “मॅडम, पिवळा दिसला की बोटं उघडतात. मी उघडत नाही.” पिवळा म्हणजे निशाण्याचा मध्य. इतके अचूक वर्णन मी मोठ्या माणसांकडूनही क्वचितच ऐकले आहे.

खेळाडूंमध्ये याला टार्गेट पॅनिक म्हणतात. ओळखीचे वळण आले की बैलजोडी कासरा न ओढताही घराकडे वळते, तसे निशाण्याचा मध्य नजरेत आला की बाण सोडण्याची क्रिया मुलाच्या इच्छेविना सुरू होते. पाहणे आणि सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी शेकडो बाणांच्या सरावातून एकमेकींना जखडल्या जातात. त्यावर धास्तीचा थर चढला की काही मुले आधीच सोडतात, आणि काही मुले मध्यावर जाण्याचेच टाळतात, कारण मध्यावर गेले की हात सुटणार हे शरीराला ठाऊक झालेले असते. एकाग्रता कमी पडली म्हणून हे होत नाही. उलट निशाण्यावर जीव ओतणाऱ्या मुलांमध्येच हा त्रास मला जास्त दिसला आहे. साध्या धनुष्याला नेम धरायची साइट नसते आणि ओढ पूर्ण झाल्याची खूण देणारा क्लिकरही नसतो, त्यामुळे ‘आता सोड’ हे सांगणारे बाहेरचे काहीच नसते. सगळी मदार अंगवळणी पडलेल्या ओढीवर असते आणि नेमकी तीच बिघडते.

प्रत्यक्ष मैदानावर जाऊन मी तिच्या सरांच्या मदतीने दोन गोष्टी तपासल्या. धनुष्य सावकाश पूर्ण ओढायला लावून, बाणाची काडी धनुष्याच्या पुढच्या कडेशी जिथे येत होती तिथे आम्ही नखपॉलिशची बारीक लाल रेघ काढली. मग ती तीस मीटरवर बाण मारत असताना सर बाजूला उभे राहून ती रेघ कुठवर येते ते बघत राहिले. एकदा रेघ कडेपासून बोटभर पुढे राहिली, एकदा तीन बोटे, एकदा जवळजवळ कडेला टेकली. ओढीत एका इंचाचा फरक पडला तर ताकदीत साधारण दोन ते अडीच पाउंडांचा फरक पडतो, शिवाय दोरी बाणाला ढकलते ते अंतरही कमी होते. म्हणून आखूड ओढीचा बाण हळू जातो आणि खाली लागतो. तिचे बाण कागदावर उभ्या रेषेत वरखाली विखुरलेले होते, डावी-उजवीकडे मात्र ते फारसे हललेले नव्हते. म्हणजे नेम शाबूत होता, ओढ हरवली होती. हे सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर ‘लक्ष दे’ हे वाक्य मैदानावरून आपोआप कमी झाले.

दुसरी तपासणी त्याहून महत्त्वाची होती. तिला सांगितले की पूर्ण ओढ, बाणाचे टोक पिवळ्यावर ने, मनात तीन म्हण आणि बाण न सोडता दोरी सावकाश परत आण. तिला ते एकदाही जमले नाही. पालकांनी आणि शिक्षकांनी घाईच्या सवयीत आणि खऱ्या धास्तीत फरक करायचा तो इथे. मेळघाटातील एक वयस्क शेतकरी त्याच मैदानावर कधीमधी येत. ते ओढताक्षणी बाण सोडत, पण त्यांचा हात दर वेळी कानापाशी एकाच ठिकाणी पोहोचत असे, आणि ‘थांबा’ म्हटले तर ते थांबूही शकत. झटपट बाण मारणे ही त्यांची रीत होती, त्यात दोष काहीच नव्हता. थांबता येणे हातून गेले, तर तो त्रास.

उपायांना सुरुवात करण्याआधी मी तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवले. थरथर, धाप आणि लवकर येणारा थकवा यांमागे रक्तक्षय असू शकतो, आणि विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षात घेता ती तपासणी टाळणे योग्य नाही. दूरची नजर आणि खांदाही तपासून घेतला. हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, बाकी सर्व ठीक होते. झोप, जेवण, अभ्यास यांत बिघाड आहे का, हेही मी विचारले. धास्ती मैदानापुरतीच असेल तर पुढे सांगते ती पद्धत पुरते. मात्र मूल शाळेतही गप्प झाले असेल, रात्री दचकून उठत असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर धनुष्य बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते.

मग धनुष्य बदलले. छत्तीस पाउंडांऐवजी चोवीस. सर नाराज झाले : “म्हणजे पोरीला दोन वर्षं मागं नेणं झालं ना, मॅडम?” त्यांची काळजी खरी होती, कारण निवडीचा हंगाम जवळ होता. पण जे धनुष्य मुलीला पूर्ण ओढून तीन आकडे धरताही येत नाही, त्याच्यावर शांतपणा शिकवता येत नाही; शरीर भाराखाली सुटकेची वाट शोधतच राहते. जड धनुष्य लवकर हाती देण्याची घाई हे मला या त्रासाचे सर्वांत मोठे कारण वाटते, आणि दोष द्यायचाच असेल तर तो मुलांच्या मनाला देण्यापेक्षा या घाईला द्यावा.

पुढचे कितीतरी आठवडे तिने निशाणा पाहिलाच नाही. मैदानाच्या कडेला, मातीच्या उंच बांधापुढे, पेंढ्यांचा घट्ट बांधलेला जाड गठ्ठा उभा केला, त्यावर कागद लावला नाही, आणि ती चार पावलांवर उभी राहिली. चुकणे शक्यच नव्हते, म्हणून घाबरायलाही काही नव्हते. बाण लावायचा, धनुष्य गठ्ठ्यावर रोखायचे, सर शेजारी असतानाच डोळे मिटायचे आणि मग ओढायचे. डोळे मिटल्यावर तिला पहिल्यांदा बाकीच्या गोष्टी जाणवू लागल्या. दोरी हनुवटीला कुठे टेकते, तर्जनी जबड्याच्या हाडाखाली कशी बसते, उजव्या खांद्याचे पाते मणक्याकडे सरकते तेव्हा कोपर किती मागे जाते, हे ती मला दर आठवड्याला तोंडी सांगत असे. बोटे उघडायचीच नाहीत, पाठीचा ताण वाढत जाऊ द्यायचा आणि बोटे सैल पडू द्यायची, हे सरांनी फार चिकाटीने शिकवले. एक सावधगिरी इथे आवर्जून सांगते : घरी सराव म्हणून बाणाशिवाय ओढलेली दोरी कधीही सोडू देऊ नये. बाणात जायची सारी ताकद मग धनुष्याच्याच पात्यांवर आदळते, बांबू तडकतो आणि इजा होऊ शकते.

ओढ स्थिर झाल्यावर कागद परत आला, तोही चार पावलांवरच. आणि इथे अर्जुन कामी आला. गावोगावी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत पक्ष्याचा डोळा तेवढा उरला आहे, पण महाभारताच्या आदिपर्वातला प्रसंग पूर्ण वाचला तर वेगळीच गोष्ट दिसते. झाडावर कृत्रिम पक्षी ठेवून द्रोण शिष्यांना धनुष्य ओढून, माझ्या शब्दाची वाट पाहत उभे राहायला सांगतात. अर्जुन धनुष्य वर्तुळाकार वाकेपर्यंत ओढतो, काही क्षण तसाच उभा राहतो, त्या अवस्थेत गुरूंच्या प्रश्नांना उत्तरे देतो, पक्ष्याचे फक्त मस्तक दिसते असे सांगतो, आणि ‘सोड’ म्हटल्यावरच बाण सोडतो. लक्ष्य दिसत असताना, पूर्ण ओढीवर, न सोडता उभे राहणे हे त्याचे खरे सामर्थ्य होते. मुलीला ही गोष्ट मनापासून पटली, कारण आजवर तिला ‘डोळा बघ’ एवढेच सांगितले गेले होते, आणि पाहणे हीच तर तिची अडचण होती.

तोच प्रसंग आम्ही सराव म्हणून घेतला. ती ओढून टोक पिवळ्यावर नेत असे. सर मागून कधी ‘सोड’ म्हणत, कधी ‘परत आण’. कधी काय म्हणतील हे तिला ठाऊक नसे. सुरुवातीला ‘परत आण’ ऐकण्याआधीच बाण सुटत. हळूहळू हात थांबू लागला. पुढे सरांनी बोलणे बंद केले आणि सहापैकी कोणते दोन बाण परत आणायचे हे ती ओढण्याआधी स्वतः ठरवू लागली. अंतर चार पावलांवरून आठ, मग बारा असे वाढवले, आणि लाल रेघ पुढे राहू लागली की त्याच दिवशी एक टप्पा मागे यायचे, हे आधीच ठरलेले होते. वहीत गुण लिहायचे नाहीत, प्रत्येक बाणापुढे ‘पूर्ण’ किंवा ‘अपुरी’ एवढेच लिहायचे. वडिलांना मी एकच काम दिले : संध्याकाळी ‘किती लागले?’ असे विचारायचे नाही. त्यांना हे जड गेले, पण त्यांनी ते पाळले.

त्या हंगामातली निवड हुकली. घरात नाराजी झाली आणि ती मी गृहीतच धरली होती, कारण असा त्रास आठवड्याभरात जात नाही, काही महिने घेतो आणि स्पर्धेच्या दिवशी परत डोके वर काढतो. पुढच्या वर्षीच्या विभागीय स्पर्धेत तीस मीटरवर, १२२ सेंटिमीटरच्या कागदासमोर, तिची दोन वेळा ओढ अपुरी राहिली. तिसऱ्या बाणाला तिने पूर्ण ओढले, टोक पिवळ्यावर नेले, आणि दोरी परत आणली. एक श्वास घेतला, पुन्हा ओढले आणि मग सोडला. क्रमांक आला नाही. बाहेर आल्यावर तिने मला कागदाबद्दल काही सांगितले नाही. परत आणलेल्या त्या बाणाबद्दलच ती बोलत राहिली.

सध्या ती तीस पाउंडांच्या धनुष्यावर आहे. वहीत सलग दोन आठवडे ‘अपुरी’ हा शब्द आला नाही तरच दोन पाउंड वाढवायचे, असे तिने आणि सरांनी मिळून ठरवले आहे, आणि प्रत्येक स्पर्धेनंतरचे पहिले काही दिवस ती पेंढ्यांच्या गठ्ठ्यापुढेच काढते. सरांनी नव्या मुलांसाठीही क्रम बदलला आहे. मुले आधी धनुष्य पूर्ण ओढून, धरून, परत आणायला शिकतात, आणि ते जमल्यावरच त्यांना बाण सोडू दिला जातो.