पोलीस नाहीत, तुरुंग नाही, मग आंतरराष्ट्रीय कायद्याला कायदा का म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की बलाढ्य देश जो खुशाल धाब्यावर बसवतात आणि मोडला तरी कुणी बेड्या ठोकायला येत नाही, त्याला कायदा कशाला म्हणायचं. शंका जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात जॉन ऑस्टिन या इंग्लिश कायदेपंडितानेही हेच मांडलं होतं: कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, मोडली तर शिक्षा. देशांच्या डोक्यावर सार्वभौम कुणी नाही, तेव्हा त्यांच्यातले नियम म्हणजे फार तर नीतिनियम.

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं चालवतो. आंतरराष्ट्रीय कायदा एलएलबीला एका पेपरापुरता वाचला. पण माझ्याकडची निम्मी भांडणं शेतरस्त्यांची असतात, त्यामुळे त्या पेपरातला एक खटला डोक्यात पक्का बसला. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातला पोर्तुगाल विरुद्ध भारत, निकाल १२ एप्रिल १९६०. भांडण कशाचं, तर वहिवाटीचं!

तिन्ही ठिकाणं तेव्हा पोर्तुगिजांची. दमण समुद्राकाठी. दादरा आणि नगर हवेली आत, चहूबाजूंनी भारतीय मुलूख. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी हे दोन्ही तुकडे पोर्तुगिजांकडून सोडवले (त्यांत आपले सुधीर फडके होते). भारताने दमणहून कुमक जाऊ दिली नाही. मग पोर्तुगालने काय केलं? १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला, १९ तारखेला न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला भारतावर दावा ठोकला. सोसायटीचा सभासद होऊन आठवा दिवस, आणि शेजाऱ्यावर केस. भारताने सहा हरकती घेतल्या, पण न्यायालयाचा अधिकार आपणही आधीच मान्य केलेला असल्यामुळे सुटका झाली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिथे संमती दिल्याशिवाय कुणाला ओढून नेता येत नाही, पण एकदा दिली की ऐन वेळी अंग काढून घेता येत नाही.

आता मजेचा भाग. पोर्तुगालचा आधार होता मराठ्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा. त्यांचं म्हणणं, पेशव्यांनी आम्हाला ही गावं राज्य म्हणून दिली. भारताचं म्हणणं, दिला तो सालीना १२,००० रुपयांचा महसूल, म्हणजे सरंजाम. राज्य मराठ्यांचंच राहिलं. जगभरातले न्यायाधीश नेदरलँड्समध्ये बसून सरंजाम म्हणजे काय याचा कीस पाडताहेत, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उगाचच छाती फुगल्यासारखं झालं. हा मुद्दा भारताने जिंकला. न्यायालय म्हणालं, मराठ्यांना मुलूख कायमचा द्यायचा असे तेव्हा ते तसे स्पष्ट शब्द घालत. इथे ते नाहीत.

पण जिंकूनही फायदा झाला नाही. कारण पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्या गावांत पोर्तुगिजांनाच मालक मानलं, आणि स्वतंत्र भारतानेही तेच पुढे चालवलं. तेव्हा मालकी पोर्तुगालची, असा निष्कर्ष निघाला. वर्षानुवर्षं हरकत न घेणाऱ्या पक्षकाराला मी हेच समजावत असतो. बोलायच्या वेळी तुम्ही गप्प बसलात, आता कोर्ट काय करणार?

मग रस्ता. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल सव्वाशे वर्षांहून जास्त काळ बिनबोभाट ये-जा करत होते. भारत म्हणाला, दोनच देशांमध्ये कसली आलीय रूढी (म्हणजे वहिवाटीतून बनलेला कायदा)? न्यायालयाने विचारलं, दोघांत का नसावी? ११ विरुद्ध ४ मतांनी तेवढा हक्क मान्य झाला. सैनिक, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांची गोष्ट वेगळी निघाली. त्यांच्यासाठी दुसऱ्या बाजूची परवानगी लागत असे, १८७८ च्या करारातही तसंच होतं. म्हणून ८ विरुद्ध ७ मतांनी तो हक्क नाकारला. आमच्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यात (दुसऱ्याच्या जमिनीवरून वाट वगैरे हक्कांचा कायदा) हेच सूत्र आहे: वीस वर्षं हक्काने वापरलेली वाट तुमची होते, पण परवानगी मागून पन्नास वर्षं वापरली तरी होत नाही. शेवटी, त्या तणावाच्या काळात वाट रोखणं भारताच्या नियंत्रणाच्या अधिकारात बसतं असं ९ विरुद्ध ६ मतांनी ठरलं. म्हणजे पोर्तुगालला हक्क मिळाला, वाट मिळाली नाही. भारताने नेमलेले न्यायाधीश छागला तर म्हणत होते की हक्कच मुळात नाही.

तुम्ही म्हणाल, असल्या निकालाचा उपयोग काय? माझ्याकडे असे पक्षकार आहेत ज्यांच्या हातात हुकूमनामा आहे आणि बांधावरचं कुंपण तसंच आहे. मात्र तुलना फार ताणत नाही. आमच्याकडे उशिरा का होईना, दरखास्तीनंतर (म्हणजे हुकूमनामा अमलात आणायच्या अर्जानंतर) बेलीफ येतो, लागला तर पोलीस बंदोबस्त मिळतो. हेगला बेलीफ नाही. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे.

तरीही बलवान पक्ष कसा वागला ते बघा. दादरा-नगर हवेली १९५४ पासून पोर्तुगिजांच्या हातून गेलेली होती, तरी सात वर्षं भारताने ती आपली म्हणून जाहीर केली नाही. ऑगस्ट १९६१ मध्ये विलीन करायची वेळ आली तेव्हा करारावर त्या बाजूने सही कुणाची घ्यायची हा पेच पडला. म्हणून बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला तिथला पंतप्रधान नेमलं, आणि त्यांनी नेहरूंबरोबर करार केला. ज्याला कायद्याची पर्वा नाही, तो असल्या सहीसाठी कशाला खटपट करेल?

त्याच डिसेंबरात गोव्यात सैन्य शिरलं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेत बळाच्या वापराला मनाई आहे, आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर तिथे भारताची बाजू कच्ची होती. गोवा सुटला याचा आनंद आहे, पण वकील म्हणून कच्चीच म्हणेन. सुरक्षा परिषदेत माघारीच्या ठरावाच्या बाजूने ७ मतं पडली, विरोधात ४, आणि ठराव पडला तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे. पण तिथेही भारत ‘आम्ही बळकट, आम्ही घेतलं’ असं म्हणाला नाही. वसाहतीचा ताबा म्हणजे कायदेशीर मालकीच नव्हे, आणि वसाहतवाद संपवण्याचा ठराव आमसभेने १९६० मध्ये केलेला आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. मोडतानाही कायद्याच्याच भाषेत बोलावं लागलं. चोर कोर्टात ‘मला चोरीचा कायदाच मान्य नाही’ म्हणत नाही, ‘वस्तू माझीच होती’ म्हणतो, तसंच काहीसं. (उपमा आपल्याच बाजूवर उलटतेय, पण असू दे.)

गोव्याचा ताबा पुढे तेरा वर्षं निर्वेध होता, परत मागायला येण्याची पोर्तुगालची ताकदही नव्हती. तरी लिस्बनमधली राजवट बदलल्यावर ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. त्यात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, तेही हे प्रदेश भारताच्या राज्यघटनेखाली आले त्या तारखांपासून. आमच्या भाषेत सांगायचं तर हक्कसोडपत्र, आणि मागच्या तारखेपासून लागू.